कुंभारीच्या बरणीतला मंगळ

मंगळावर जीव आहे की नाही हे बघायला मी कुंभारीला गेले होते, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग कुंभारी कुठे आलं म्हणून विचारतात. सोलापुरातून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात येतं ते गाव. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसून घ्यावं. मी स्वतः हसतच गेले होते. येताना मात्र तोंड एवढंसं झालं होतं, आणि आज हे लिहायला बसले तरी जिवाची हळहळ काही कमी होत नाही.

त्याचं असं झालं. मी मूळची रत्नागिरीकडची, पण गेली बरीच वर्षं पुण्यात एका प्रयोगशाळेत वायू तपासायचं काम करते. कुठलीही हवा बाटलीत भरून आणून द्या, तिच्यात काय काय आहे ते मी सांगते. छहात्तरच्या पावसाळ्यात अमेरिकेची दोन यानं मंगळावर उतरली. त्यांनी तिथली मूठभर माती उचलली, तिला पोषक द्रव्यं घातलेलं पाणी पाजलं, आणि माती चक्क वायू सोडायला लागली. जगभरच्या आमच्या जातीच्या लोकांची झोप उडाली. पण त्याच मातीत सजीवाच्या शरीरातला म्हणावा असा एक कण सापडेना. निम्मे म्हणत जीव आहे, निम्मे म्हणत नुसती रसायनं फसफसताहेत.

आणि आमच्या साहेबांच्या टेबलावर कुंभारीच्या चनबसप्पा मास्तरांचं पत्र उन्हाळ्यापासून धूळ खात पडलेलं होतं. हायस्कुलात शास्त्र शिकवणारा हा माणूस. घरी काचेच्या बरण्यांत मंगळासारखी हवा करून त्यांनी आपल्या भागातली कोरडी माती ठेवली होती. कित्येक महिने काही घडलं नाही, आणि मग त्याच वर्षीच्या जानेवारीपासून एका बरणीत वायू व्हायला लागला. आपल्या पृथ्वीवरच्या मातीतला जीव मंगळाच्या हवेत जगू शकतो, असा त्याचा अर्थ. यानं उतरेपर्यंत ते पत्र कोणी पुरतं वाचलंही नव्हतं. उतरल्यावर साहेबांनी मला बोलावलं.

"जाऊन डोळ्यांनी बघून या," ते म्हणाले. "खरं निघालं तर या माणसाला मी दोन वर्षांसाठी आपल्याकडे घेतो. पण जूनच्या आत. जूननंतर ते वयात बसत नाहीत."

म्हणजे माझ्या होकारावर किंवा नकारावर एका माणसाचं पुढचं आयुष्य ठरणार होतं. असली कामं मला मुळीच आवडत नाहीत. पण गेले.

सोलापूर

स्टेशनावर मास्तर घ्यायला आले होते. उंच, काटकुळे, कपाळाला विभूती, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि हातात माझ्या नावाची पाटी. गाडीतून उतरलेली बाईमाणूस मी एकटीच, तरी त्यांनी पाटी खाली घेतली नाही.

"पुण्याच्या बाई?" त्यांनी विचारलं.

"आता पाटीच धरलीत, तर असणारच की," मी म्हटलं. प्रवासात माझी जीभ जरा तिखट होते.

ते हसले नाहीत. माझ्या हातातली पेटी घ्यायला लागले, तशी मी ओरडले. तिच्यात गवतात गुंडाळलेल्या काचेच्या नळ्या होत्या. त्यांनी लगेच दोन्ही हात तिच्याखाली धरले आणि टांग्यापर्यंत अशी नेली, जणू आत झोपलेलं मूल आहे. तेव्हाच हा माणूस मला आवडून गेला. असं काही वाटायला नको होतं. तपासायला आलेल्या माणसानं आवडी-निवडी पुण्यालाच ठेवून यायला हव्यात.

त्या दिवशी मी मास्तरांच्या चुलतभावाकडे सोलापुरातच उतरले. रस्त्यानं तेलुगू कानावर पडत होतं, चौकात दखनी उर्दू, आणि घरात पाऊल टाकलं तर मराठीत सुरू झालेलं वाक्य कानडीत संपत होतं. आमच्याकडे रत्नागिरीला एकाच भाषेत भांडायची मारामार! ताटात ज्वारीची कडक भाकरी आली. मी ती पापड समजून बोटानं मोडली आणि निम्मी भाकरी उडून शेजारच्यांच्या ताटात पडली. शेंगाची चटणी, दही, वर कच्चं तेल. भात शेवटी, तोही जेमतेम घासभर. मी भाताच्या मुलखातली. रात्रभर पोट भरल्यासारखं वाटत होतं, पण जेवल्यासारखं वाटत नव्हतं.

जेवताना मास्तरांनी मला एकच प्रश्न विचारला. "बाई, यानांनी मातीला पाणी पाजायच्या आधी हवा तपासली असेल की. मग हवेवरूनच कळायला नको होतं का?"

मी घास तसाच ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. कारण हा मुद्दा खरा कळीचा आहे, आणि तो पुण्यातल्या पुष्कळांच्या डोक्यात शिरत नाही. मंगळाची हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइड, तीही विरळ. शुक्राची तीच, पण इतकी दाट आणि तापलेली की तिथे शिसं वितळून वाहील, आणि ढग म्हणाल तर गंधकाच्या आम्लाचे. दोन्ही हवा शांत झालेल्या. जे जळायचं ते जळून गेलं, जे जुळायचं ते जुळून गेलं. आपल्या पृथ्वीची हवा मात्र अजून उतू जाते आहे. तिच्यात ऑक्सिजन आहे आणि मिथेनही आहे. हे दोघं एका घरात फार काळ राहूच शकत नाहीत, एकमेकांना संपवतात. तरी दोन्ही सापडतात, म्हणजे कोणीतरी रोज नव्यानं भरतं आहे. झाडं ऑक्सिजन घालतात, दलदलीतले आणि गुरांच्या पोटातले जंतू मिथेन घालतात. घरातून धूर येतोय म्हणजे आत कोणीतरी चुलीपाशी आहे, इतकं सरळ.

"म्हणून तर," मास्तर हळूच म्हणाले, "माझ्या बरणीत कुठला वायू निघतोय ते तुम्ही बघायचं. मला वाटतं मिथेन हाय."

"हाय" तेवढा तोंडातून निसटला. एरवी माझ्याशी ते पुस्तकी बोलत होते.

सांगोला

दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.नं सांगोल्याला गेलो. वायू सोडणाऱ्या बरणीत सांगोल्याकडची माती होती, मास्तरांच्या मेहुण्याच्या शेताकडेच्या माळावरची. तीच माती मला माझ्या हातानं उचलायची होती. कोणी म्हणू नये की मास्तरांनी आणून दिली.

काय तो मुलूख! मी हिरव्यात वाढलेली. डोळ्यांना कुठे टेकायला जागाच मिळेना. बोरी, बाभळी, उघडे दगड, मध्येच एखादी डाळिंबाची बाग, आणि मेंढरांच्या मागे चाललेले घोंगडीवाले. रस्त्याकडेला पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्याभोवती घागरींची रांग. डिसेंबरातच ही गत. मी पुण्याहून छत्री आणली होती ती पिशवीत खाली खाली ढकलली.

मेहुण्यांचं नाव मल्लाप्पा. बुटका, गमत्या माणूस. माळावर आम्ही माती उकरत होतो तर ते दगडावर बसून माझी उलटतपासणी घेत होते.

"बाई, तितं मंगळावर पाऊस किती पडतो?"

"पडतच नाही."

"दंव?"

"पहाटे थोडं, पांढरं, बर्फासारखं."

"आन् हिरीला पानी?"

"विहिरीच नाहीत हो."

त्यांनी टाळी वाजवली. "मग जीव हाय! बहात्तरच्या दुष्काळात आमचं दुसरं काय हुतं? आमी न्हाय का ऱ्हायलो?"

मी इतक्या मोठ्यानं हसले की जवळची शेळी बिचकली. त्याच शेळीनं थोड्या वेळानं माझ्या मातीच्या पिशवीवरचं लेबल चावून खाल्लं, आणि मला दुसरं लिहावं लागलं. मास्तर मात्र गंभीर. एका काळ्या दगडावर राखाडी खपल्या चिकटलेल्या होत्या, त्या त्यांनी नखानं उचकटून माझ्या तळव्यावर ठेवल्या.

"दगडफूल," ते म्हणाले. "काळ्या मसाल्यात असतंय बघा, ह्याच जातीचं. मंगळावर जगलंच तर असलंच कायतरी जगंल. माती नको, पाणी नावाला, ऊन-थंडी कायबी चालतंय." आता पुस्तकी भाषा पार गळून पडली होती. "लहानपणापास्नं बघतोय मी ह्याला, बाई. दुष्काळात समदं मरतंय, हे मरत न्हाय. पावसाचा एक थेंब पडला की सकाळी हिरवं. मला नेहमी वाटायचं, हे एवढं शाणपण कुटं शिकलं असंल?"

मग त्यांनी सांगितलं की त्यांना पुढे शिकायचं होतं. कॉलेजचं पहिलं वर्ष झालं, वडील गेले, धाकट्या भावंडांचं बघावं लागलं. त्यात रडगाणं नव्हतं. बातमी सांगावी तसं सांगितलं, आणि जूनचं नाव त्यांनी काढलं नाही. मलाही ते काढवेना. पण एस.टी.त परत येताना मी मनातल्या मनात त्यांना पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत टेबल देऊन मोकळी झाले होते, खिडकीजवळचं.

कुंभारी

मास्तरांच्या घराला मागच्या अंगाला एक खोली आहे. तिला घरातले सगळे मंगळ म्हणतात. "मंगळात जाऊन चष्मा आणा", "मंगळात मांजर शिरलंय", असं चालतं. हे बोलणारी मुख्यतः गंगव्वा, मास्तरांची बायको. गोरी, जाडसर, पायात चांदीचे जड वाळे, आणि तोंड क्षणभर बंद नाही. मी आत आल्याबरोबर तिनं पायावर पाणी घातलं, गूळ-पाणी पुढे केलं आणि मला आपादमस्तक न्याहाळलं.

"लई वाळकी हाय वो बाई. पुन्यात खायाला घालत न्हाईत काय?"

"भात घालतात," मी म्हटलं.

"भातानं काय हुतंय!" असं म्हणून तिनं विषय संपवला.

मंगळात एका फळीवर बरण्या मांडलेल्या. गोळ्या-बिस्किटांच्या दुकानात असतात तशा काचेच्या. तोंडाला रबरी बूच, त्यावर मेण. प्रत्येक बुचातून दोन नळ्या बाहेर आलेल्या. एका वाकड्या नळीत तेल भरलेलं, आत वायू वाढला की ते सरकणार. दुसरीवर छोटं नरसाळं आणि चिमटा, महिन्यातून एकदा पाण्याचे दोन थेंब घालायला. चुनखडी आणि आम्लापासून केलेला कार्बन डायऑक्साइड आत भरलेला, आणि सायकलच्या पंपाची झडप उलटी बसवून जमेल तितकी हवा ओढून घेतलेली. मंगळाइतकी विरळ हवा त्यानं होत नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. मास्तरांनी मान हलवली. त्यांना ते ठाऊक होतं.

पण खरी पावती द्यावी असं पुढेच होतं. सांगोल्याच्या मातीच्या बरण्या दोन होत्या. एकीत कच्ची माती. दुसरीत तीच माती, पण चुलीवर तव्यात लालबुंद होईपर्यंत भाजलेली, म्हणजे तिच्यातला जीव मारून टाकलेली. बाकीच्या बरण्यांत कुंभारीच्या स्वतःच्या शेतातली माती, तीही अशीच कच्ची आणि भाजलेली. आता वायू निघाला तो फक्त सांगोल्याच्या कच्च्या मातीतून. भाजलेली ढिम्म. म्हणजे वायू रसायनांचा असता तर दोन्हींतून आला असता. यानांनी मंगळावर नेमकं हेच केलं होतं, एक माती कच्ची आणि एक भाजलेली. या माणसानं ते गोळ्यांच्या बरण्यांत, यानं उडायच्या आधी, स्वतःच्या डोक्यानं केलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू?

दुपारी आम्ही बरणीतला वायू ओढून घेतला. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून दोनदा, तीनदा फिरवला, म्हणजे त्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरतो. जे उरलं ते बारीक नळीच्या तोंडाशी आणलं आणि मास्तरांनी काडी ओढली.

निळी ज्योत. तांदळाच्या दाण्याएवढी. दिसली न दिसली तोच विझली.

मास्तरांनी काडीपेटी खिशात ठेवली, काढली, परत ठेवली. मी उरलेला वायू पुण्याला न्यायच्या नळीत बंद केला. बाहेरून गंगव्वा ओरडली, "पेटलं का वो?"

"पेटलं!" मीच ओरडले.

ती धावत आली, मास्तरांच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता आत जाऊन साखर घेऊन आली. आम्हा दोघांच्या तोंडात तिनं साखर घातली. नवऱ्याच्या तोंडात घालताना जरा लाजली. असं सुखाचं घर मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

येळवस

दुसऱ्या दिवशी अमावस्या होती, मार्गशीर्षातली. ह्या भागात तिला येळवस म्हणतात आणि त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, सगळी माणसं शेतात. असा सण आमच्याकडे नाही. आम्ही शेताला घाबरतो. पाण्यापावसाचं, चिखलाचं, जळवांचं शेत. इथे मात्र उभ्या ज्वारीत कडब्याची खोप करून पाच दगड मांडले होते, चुना लावून. ते पांडव. त्यांच्यापुढे सगळं रांधलेलं ठेवलं. डाळी-शेंगा घालून केलेली घट्ट भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यात आंबील. ताकात ज्वारीचं पीठ भिजवून आंबवलेलं, लसूण-मीठ लावलेलं. आंबट, गार, फेसाळ. मी तीन वाट्या प्यायले.

जेवणाआधी मास्तर आणि गंगव्वा मडकं घेऊन शेताभोवती फिरले. पानांची डहाळी आंबिलीत बुडवायची आणि मातीवर शिंपडायची, मोठ्यानं कानडीत काहीतरी म्हणत. या कडेपासून त्या कडेपर्यंत. एकही कोपरा सोडायचा नाही.

"वर्सभर ती आपल्याला खायाला घालती," गंगव्वा मला म्हणाली. "आज तिचं पोट भरायचं. कुठली माती उपाशी ऱ्हाऊ द्यायची न्हाय."

मी ऐकलं आणि छान वाटलं म्हणून मान डोलावली. देवाशप्पथ सांगते, तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

जेवण झाल्यावर मास्तर भाऊबंदांबरोबर खोपीत बसले. मला नळ्यांची पेटी बांधायची होती, म्हणून मी गंगव्वाबरोबर घरी आले. तिच्या डोक्यावर उरलेल्या आंबिलीचं मडकं होतं. मी मंगळात जाऊन खाली बसून गवत भरत होते, तर ती मागोमाग आत आली. मडकं फळीवर टेकवलं. सरळ सांगोल्याच्या कच्च्या मातीच्या बरणीपाशी गेली. चिमटा सोडला, नरसाळ्यात पळीनं आंबील ओतली, ती खाली मुरू दिली, चिमटा लावला. मग पदर डोक्यावर घेऊन हात जोडले.

माझ्या हातातलं गवत तिथेच राहिलं.

"गंगव्वा," मी विचारलं. "हे काय केलंत?"

"येळवस की," ती म्हणाली, जणू मी फारच साधं विचारलं. "हितल्या मातीला शेतात मिळाली. ही माज्या म्हायेरची. हिला कोन घालनार? तिकडं सांगोल्याला आमच्यात येळवस करत न्हाईत."

"गेल्या वर्षीही घातली होती?"

"व्हय. गेल्या साली पैल्यांदा. आदल्या येळवसला ही माती घरात नव्हती न्हवं."

"आणि ही?" मी शेजारच्या बरणीकडे बोट केलं. त्याच मातीची, भाजलेली.

तिनं हात झटकला. "ती मेलेली की वो. माज्याच तव्यात भाजली ह्यांनी. मेल्याला आंबील कशाला?"

आंबील म्हणजे जिवंत जंतूंचं आगर. ते ज्वारीच्या पिठासकट त्या बंद बरणीत गेले, त्यांनी पीठ खाल्लं, मातीतल्या भाऊबंदांना उठवलं, आणि जानेवारीत मास्तरांच्या नळीतलं तेल सरकलं. अमेरिकेनं मंगळाच्या मातीला सार पाजलं, गंगव्वानं सांगोल्याच्या मातीला आंबील. फरक इतकाच की तिकडे सार पाजल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ह्या बाईनं जगातल्या कोणत्याही शास्त्रज्ञाला फसवील इतक्या काटेकोरपणे फक्त जिवंत माती तेवढी निवडली होती.

मी भिंतीला टेकून बसले. तिला वाटलं मला ऊन लागलं. पाणी आणलं, पदरानं वारा घातला.

"मागितलं काय मातीपाशी?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. नसतं विचारलं तर बरं झालं असतं.

"माजं काय न्हाय वो मागायचं," ती म्हणाली. "ह्यांच्या मनासारखं हू दे म्हनलं. लगीन झाल्यापास्नं बघतीया, मानूस वरवर हसतंय आन् आत कुडतंय. पुन्याला न्या बाई ह्यांना. म्हशीचं, घराचं बघून मी मागनं येते."

परत

मास्तरांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, एस.टी.ची वाट बघत रस्त्याकडेला उभे असताना. गंगव्वा शिदोरी घेऊन मागून येणार होती. गोड करून सांगायचं मला जमत नाही. जे पाहिलं ते पाहिलं तसं सांगितलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग खाली बसले, धुळीत, तो इस्त्रीचा शर्ट घालून. तिथूनच म्हणाले, "भाजलेल्या बरणीत घातली न्हाय?"

"नाही. मेल्याला कशाला, म्हणाल्या."

ते हसले. खरोखर हसले, आणि मग डोळे पुसले. "बरोबर हाय की तिचं," म्हणाले.

"मास्तर, तरीही मी साहेबांना सांगणार आहे," मी म्हटलं. "तुमची मांडणी पक्की आहे. बरणी बाटली, तुमचं डोकं नाही."

हे इथेच सांगून टाकते: पुण्याला आल्यावर मी साहेबांशी भांड भांड भांडले. हा माणूस आपल्याला हवा आहे, वायू गेला चुलीत, असं त्यांच्या तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, वरती निष्कर्ष दाखवावा लागतो, माणूस नाही. मी दारोदार फिरले, दुसऱ्या दोन ठिकाणी शब्द टाकला, कोणी दाद दिली नाही. जून आला आणि गेला. इतक्या बुद्धीचा माणूस आज कुंभारीत मुलांकडून ऑक्सिजनची सूत्रं पाठ करून घेतो आहे, आणि त्याला काही इलाज नाही. मला अजून राग येतो. कोणावर धरावा तेच कळत नाही.

त्या सकाळी मास्तरांनी माझ्याकडे एकच मागितलं.

"अहवालात बरणी दूषित झाली एवढंच लिहा. कुणामुळं ते नको. आणि हिला आत्ता सांगू नका. कालच सण झालाय. मी सांगीन माझ्या सवडीनं, पुण्याचं जमलं नाही म्हणून. आंबिलीचं नाव काढणार नाही. न्हायतर परत कधी मातीला हात जोडायची न्हाय ती."

मी कबूल केलं. अहवालात खोटं नव्हतं, आणि नसतं कबूल केलं तर मी माणूस कसली?

तेवढ्यात गंगव्वा आली. धपाटे, शेंगाची चटणी, फडक्यात बांधलेले उंडे. रस्त्यावरच तिनं माझी ओटी भरली, ज्वारी आणि खोबऱ्याच्या वाटीनं. मी नको नको म्हणत होते. एस.टी. आली. मास्तरांनी माझी पेटी पुन्हा दोन्ही हातांवर घेतली आणि वर चढवली. आत ती निळ्या ज्योतीची नळी होती, आता कवडीच्या कामाची नाही, तरी त्यांनी ती तशीच जपून ठेवली. मी खिडकीशी बसले. गंगव्वा खिडकीखाली येऊन उभी राहिली.

"बाई, एक इचारू? राग मानू नगा."

"विचारा की."

"पुन्यात आमाला शेत कुटं असनार? मग तितं येळवस कुटं करायची? कंच्या मातीला घालायची?"

मास्तर तिच्या मागेच उभे होते. त्यांनी मान दुसरीकडे फिरवली.

"आमच्या प्रयोगशाळेमागे मोकळी जागा आहे," मी म्हटलं. "चांगली मोठी. कोणी काही म्हणणार नाही. तिथे घाला."

"काळी हाय का माती?"

"काळीच आहे."

"मग काय अडचन न्हाय," ती म्हणाली, आणि एस.टी. सुटली.